वीजबिल थकले, भाडे थकले : अर्ज कुठे द्यायचा आणि काय मागायचे

दहावीची सराव परीक्षा चालू होती आणि आमच्या वर्गातला एक मुलगा सलग दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याची अम्मी शाळेत आली. म्हणाली, "सर, घरातली लाईट कापली हो. पोरगा मस्जिदीच्या वरांड्यात बसून अभ्यास करतो, पण इशा झाली की थोड्या वेळात तिथलं पण बंद होतं."

हातात बिल होते. एकोणीस हजार आणि काहीशे रुपये, सात महिन्यांचे. वडील लूमवर. काम आठवड्यातून तीन दिवसांवर आलेले. आम्ही विचारले, ऑफिसात गेला होता का? गेली होती, तीन वेळा. "साहेब म्हणाले, आधी भरा, मग बोला." अर्ज दिला का? "नाही, तोंडी सांगितलं." लाईट कापण्याआधी नोटीस आली होती का? "आली असेल सर, बिलावर मोबाईल नंबर घरमालकाचा आहे."

ही तीन उत्तरे आम्ही गेल्या काही वर्षांत इतक्या घरांतून ऐकली आहेत की आता प्रश्न विचारण्याआधीच कळतात. तोंडी सांगितले, कागद नाही, नंबर दुसऱ्याचा. शाळेत शिष्यवृत्तीचे फॉर्म भरता भरता लोक आमच्याकडे वीजबिल, पाणीबिल, भाड्याच्या नोटिसा घेऊन येऊ लागले. आम्ही वकील नाही. पण कागद वाचता येतात, आणि ज्यांना वाचता येतात त्यांना विचारता येते. त्यातून जे पक्के समजले ते इथे मांडतो.

आधी एक गैरसमज दूर करू. महाराष्ट्रात थकलेले घरभाडे सरकार भरून देते अशी कोणतीही योजना नाही. लंडन-बर्मिंगहॅमला असलेले आपले कोकणातले नातेवाईक फोनवर सांगतात की तिकडे कौन्सिलकडे अर्ज केला की भाड्याला मदत मिळते. तिकडे तशी व्यवस्था आहे, इकडे नाही. लॉकडाऊनमध्ये, १७ एप्रिल २०२० ला, आपल्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना सूचना दिली होती की किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकला आणि भाडे थकले म्हणून कोणाला घराबाहेर काढू नका. ते भाडे पुढे ढकलणे होते, माफी नव्हती. बरेच लोक आजही "ते तर माफ झालं होतं" म्हणतात, आणि त्यावरून मालकाशी भांडण होते. म्हणून कोणी "सरकारी भाडे मदत" असा फॉर्म विकत असेल तर घेऊ नका.

विजेचे तसे नाही. बिल कोणी भरून देणार नाही, मुद्दल तुम्हालाच द्यायचे आहे. पण मुदत मिळते, हप्ते मिळतात, कधी कधी व्याज पूर्ण माफ होते, आणि बिलच चुकीचे असेल तर भांडण मिटेपर्यंत लाईट चालू ठेवण्याचा हक्क कायद्यातच आहे. यातले काहीही घरी चालून येत नाही. ते मागावे लागते, आणि कागदावर मागावे लागते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. विद्युत कायदा २००३, कलम ५६. बिल थकले तर कंपनीला वीज तोडता येते, पण त्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ही नोटीस आजकाल मोबाईलवरही येते. म्हणूनच बिलावर नंबर कोणाचा आहे हे पाहणे फार महत्त्वाचे. भाड्याच्या खोलीत राहता आणि मीटर मालकाच्या नावावर आहे, हरकत नाही. मालकाला नीट सांगून बिलाच्या खात्यावर तुमचा मोबाईल नोंदवून घ्या. महावितरणच्या अॅपवरून, कार्यालयात जाऊन किंवा १९१२ या नंबरवर फोन करून ते होते. १८००-२१२-३४३५ आणि १८००-२३३-३४३५ हे त्यांचे टोल फ्री नंबरही चालतात.

याच कलमात एक परंतुक आहे. आम्ही ज्यांना ज्यांना विचारले त्यांच्यापैकी जवळजवळ कोणालाच ते माहीत नव्हते. समजा तुमचे महिन्याचे बिल सातशे-आठशे येते आणि अचानक चौदा हजारांचे आले. तुम्हाला ते मान्य नाही. अशा वेळी दोन रकमांपैकी जी कमी असेल ती तुम्ही "निषेध नोंदवून" भरू शकता : एक तर मागितलेली पूर्ण रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने दर महिन्याचा आकार. ती भरली की तक्रारीचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. म्हणजे चौदा हजार नाहीत म्हणून अंधारात बसण्याची गरज नाही. पण हे काऊंटरवर तोंडी सांगून होत नाही. अर्जात कलम ५६ लिहायचे, सहा महिन्यांची बिले जोडायची, सरासरी स्वतः काढून लिहायची. बेरीज करून सहाने भागायचे, सातवीतली मुलगीसुद्धा करून देईल. आमच्याकडे दोन घरांत मुलींनीच करून दिली.

अचानक मोठे बिल का येते? बहुतेक वेळा रीडिंगमुळे. मीटर घरात किंवा जिन्याखाली कुलपात, वाचणारा येऊन जातो आणि बिलावर रीडिंगच्या जागी "लॉक" किंवा "फॉल्टी" छापून येते. तीन-चार महिने सरासरीचे छोटे बिल येते, आपण खूश. मग एकदम खरे रीडिंग घेतले जाते आणि सगळे युनिट एकाच महिन्यात पडतात. इथे एक गोष्ट नक्की पाहा. घरगुती विजेचा दर टप्प्यांत असतो. पहिल्या शंभर युनिटला सर्वांत कमी, १०१ ते ३०० ला जास्त, ३०१ ते ५०० ला त्याहून जास्त. सहा महिन्यांचे सहाशे युनिट एकाच महिन्यात धरले तर तुम्ही सर्वांत महाग टप्प्यात जाता. तेच युनिट सहा महिन्यांत वाटले तर महिन्याला शंभर, म्हणजे सगळेच पहिल्या टप्प्यात. बिलात अशी विभागणी केली आहे का हे विचारायचे आणि केली नसेल तर "युनिटची महिनावार विभागणी करून बिल दुरुस्त करावे" असा अर्ज द्यायचा. आमच्या अनुभवात सगळ्यात जास्त पैसे याच एका ओळीने वाचले आहेत.

जुन्या थकबाकीबद्दलही त्याच कलमात मर्यादा आहे. एखादी रक्कम पहिल्यांदा देय झाल्यापासून दोन वर्षांत ती बिलावर सलग थकबाकी म्हणून दाखवलेली नसेल, तर दोन वर्षांनंतर त्या कलमाखाली वसूल करता येत नाही. ही मर्यादा थोडी गुंतागुंतीची आहे. २०२० मध्ये राजस्थानच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कंपनीची चूक नंतर लक्षात आली तर ती जादा बिल देऊ शकते, पण एवढ्या जुन्या रकमेसाठी वीज तोडण्याचा मार्ग वापरता येत नाही. तेव्हा पाच वर्षांपूर्वीची रक्कम आज अचानक बिलात आली तर घाबरून भरून टाकू नका. आधी लेखी विचारा, ही कोणत्या महिन्याची आणि आजवर का दाखवली नाही.

बिल बरोबर आहे, पैसेच नाहीत

हेच जास्त घरांत असते. मग चूक शोधण्यात वेळ घालवू नये, सरळ हप्ते मागावेत. उपविभागीय कार्यालयात अर्ज द्यायचा. वीज तुटायच्या आधी दिलेला अर्ज आणि तुटल्यानंतर दिलेला अर्ज यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आधी गेलात तर अधिकारी बोलतो, कारण त्यालाही वसुली दाखवायची असते आणि थोडे तरी पैसे येत असतील तर ते त्याला हवेच असतात. तुटल्यानंतर पुन्हा जोडणीचा आकार वेगळा, आणि तेव्हा तो म्हणतो आधी भरा. त्या अम्मीच्या बाबतीत तेच झाले.

हात अगदी रिकामे घेऊन जाऊ नका. पंचवीस-तीस टक्के तरी आज भरतो आणि बाकीचे इतक्या महिन्यांत, असे आकडे लिहून नेले की बोलणे पुढे सरकते. आणि जेवढा हप्ता खरेच भरता येईल तेवढाच लिहा. साहेबांसमोर लाजेने मोठा हप्ता कबूल करायचा आणि दुसऱ्याच महिन्यात चुकवायचा, मग पुढच्या वेळी कोणी ऐकत नाही. हप्ता चालू असताना चालू महिन्याचे बिलही भरावे लागते हे विसरू नका. ते वेगळे आहे.

आम्ही जो मसुदा वापरतो तो असा :

प्रति, उपकार्यकारी अभियंता, उपविभाग (गावाचे नाव). विषय : थकीत वीजबिल हप्त्यांत भरण्याची परवानगी मिळणेबाबत. ग्राहक क्रमांक (बिलावरचा बारा अंकी). महोदय, वरील ग्राहक क्रमांकावर (तारीख) अखेर रुपये (रक्कम) थकबाकी आहे. कुटुंबातील कमावत्या व्यक्तीचे काम (कारण एका ओळीत) यामुळे बिल वेळेत भरता आले नाही. थकबाकी मान्य आहे. आज रुपये (रक्कम) भरत असून उरलेली रक्कम दरमहा रुपये (रक्कम) प्रमाणे (संख्या) हप्त्यांत, चालू बिलासह भरण्याची तयारी आहे. तोपर्यंत वीजपुरवठा खंडित करू नये ही विनंती. तसेच थकबाकीतील मुद्दल, विलंब आकार आणि व्याज यांचा वेगवेगळा तपशील मिळावा. सध्या एखादी अभय किंवा व्याजमाफीची योजना लागू असल्यास तिचा लाभ द्यावा. सही, मोबाईल, पत्ता.

कारण एका ओळीतच लिहा. आपल्याकडे अर्जात सगळा गम लिहायची सवय आहे, आजारपण, बहिणीचे लग्न, सासूचे ऑपरेशन. साहेब दुसरी ओळ वाचत नाही. आणि "थकबाकी मान्य आहे" हे वाक्य फक्त बिल बरोबर असेल तरच लिहायचे. वाद असेल तर ते काढून टाका.

दोन प्रती न्या. एक द्यायची, दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्यायची. खिडकीवर कोणी "ठेवून जा, बघतो" म्हणाले तर नम्रपणे उभे राहायचे. एका वीज कार्यालयात आम्हाला शिक्क्यासाठी दीड तास थांबवले. शिपाई म्हणाला, शिक्का जेवायला गेला आहे. शिक्का जेवून आला तेव्हा मिळाला. तो कागद पुढे तक्रार मंचात उपयोगी पडला, नाहीतर "तुम्ही अर्जच दिला नव्हता" यावर काय उत्तर होते?

मुद्दल, विलंब आकार आणि व्याज वेगळे मागायचे कारण पुढे येते.

अभय योजना म्हणजे काय

बिल मुदतीत भरले नाही तर विलंब आकार लागतो, आणि महिने जातील तसे थकबाकीवर व्याज चढत जाते. ज्यांची वीज कायमची तोडली गेली, अशांची थकबाकी वर्षानुवर्षे तशीच पडून राहते. ती वसूल व्हावी म्हणून अधूनमधून "अभय योजना" जाहीर होते. महावितरणने २०२२ मध्ये अशी एक योजना काढली होती. नंतरची १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाली आणि मुदतवाढ मिळत मिळत ३१ मार्च २०२५ पर्यंत चालली. ३१ मार्च २०२४ पर्यंत कायमस्वरूपी वीज तोडलेल्या ग्राहकांसाठी ती होती, शेतीपंप सोडून. अटी सोप्या होत्या. मूळ थकबाकी भरा, व्याज आणि विलंब आकार पूर्ण माफ. मुद्दल एकदम भरणाऱ्या लघुदाब ग्राहकाला, म्हणजे तुमच्या-आमच्या घरांना, आणखी दहा टक्के सूट. एकदम जमत नसेल तर तीस टक्के आधी आणि उरलेले सहा बिनव्याजी हप्त्यांत.

हिशोब करून पाहा. मुद्दल १२,००० आणि त्यावर चढलेले व्याज वगैरे ५,०००, एकूण १७,०००. एकदम भरणाऱ्याला १०,८०० मध्ये सुटका. हप्त्याने भरणाऱ्याला आधी ३,६०० आणि मग १,४०० चे सहा हप्ते. पाच हजार दोन्हीकडे गेलेच. जागेचा नवा मालक किंवा ताबा असलेला माणूसही अर्ज करू शकत होता आणि त्याच जागी पुन्हा वीज घेता येत होती.

ती योजना आता संपली. पण हे सांगायचे कारण असे की अशा योजना येतात-जातात, नाव बदलते, अटी थोड्या बदलतात, आणि आपल्या मोहल्ल्यात बातमी पोहोचते तेव्हा शेवटचा आठवडा असतो. म्हणून वरच्या अर्जातली शेवटची ओळ सोडू नका. महापालिका आणि नगरपालिकाही पाणीपट्टी-घरपट्टीच्या दंड-व्याजावर अशी सवलत अधूनमधून देतात, बहुतेक वेळा मार्च अखेरच्या वसुलीच्या आधी. तिथे अर्ज पाणीपुरवठा विभागात किंवा कर विभागात द्यायचा. मसुदा हाच, फक्त ग्राहक क्रमांकाच्या जागी नळजोडणी क्रमांक.

कायमची वीज तुटली असेल तर आणखी एक विचारा : सुरुवातीला भरलेली सुरक्षा ठेव थकबाकीतून वजा केली का? ती तुमचीच रक्कम आहे.

तुमची वीज कोणाकडून येते?

राज्याच्या बहुतेक भागात महावितरण. पण आपली वस्ती जिथे दाट आहे अशा काही ठिकाणी वेगळे आहे. भिवंडीत २००७ पासून आणि मुंब्रा-शीळ-कळवा भागात २०२० पासून टोरेंट पॉवर फ्रँचायझी म्हणून काम पाहते. मालेगावातही २०२० पासून फ्रँचायझी आहे. तिथे पहिला अर्ज फ्रँचायझीच्या कार्यालयात द्यायचा. पण परवाना महावितरणचाच आहे, त्यामुळे कायदा, पंधरा दिवसांची नोटीस, तक्रार मंच, सगळे तसेच लागू. "ही खाजगी कंपनी आहे, तुमचे नियम इथे चालत नाहीत" असे कोणी म्हटले तर ते खरे नाही. मुंबई शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी आणि टाटा. कायदा तिथेही एकच.

अर्ज दिला आणि उत्तर आले नाही, किंवा चुकीचे बिल दुरुस्त केले नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. महावितरणचे असे मंच परिमंडळांत आहेत, पत्ता त्यांच्या वेबसाइटवर आणि कार्यालयातल्या फलकावर असतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते. फी नाही. वकील लागत नाही, मराठीत बोलता येते. आम्ही एका आजींसोबत गेलो होतो. त्यांनी स्वतःच सगळे सांगितले, आम्ही फक्त कागद पुढे करत होतो. मंचाचा निकाल पटला नाही तर मुंबई आणि नागपूरला विद्युत लोकपाल आहेत. वीजचोरीची प्रकरणे मात्र मंच ऐकत नाही. आकडा टाकून किंवा शेजाऱ्याची वायर घेऊन दिवस काढायचा विचार कोणी करत असेल तर थांबा. थकबाकी हा पैशांचा मामला आहे, चोरी हा गुन्हा आहे, आणि एकदा ते कलम लागले की वरचे सगळे दरवाजे बंद होतात.

दुसरा दरवाजा लोकअदालतीचा. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून काही वेळा तालुका आणि जिल्हा न्यायालयांत भरते. कोर्टात न गेलेली वीज-पाण्याची थकबाकीही तिथे तडजोडीसाठी ठेवतात. तुम्हाला नोटीस आली असेल तर टाळू नका. लोक समजतात कोर्टाची नोटीस म्हणजे अटक. उलट तिथे कंपनीचा माणूस तडजोडीच्या तयारीने बसलेला असतो. फक्त एक लक्षात ठेवा : तिथे सही केली की तो निवाडा पक्का, त्यावर अपील नाही. म्हणून हप्ता झेपेल एवढाच कबूल करा.

भाडे थकले असेल तर

इथे आधी तुमचा कागद कोणता ते पाहा. जुनी पागडीची खोली किंवा खरी भाडेकरारी जागा असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चे कलम १५ तुमच्या बाजूने आहे. भाडे थकले म्हणून मालकाला लगेच दावा लावता येत नाही. आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि नव्वद दिवस थांबावे लागते. त्यानंतर दावा लावला तरी, समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत थकलेले भाडे वार्षिक १५ टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरले आणि पुढे नियमित भरत राहिलात, तर त्या कारणावरून घर खाली करण्याचा हुकूम होत नाही. म्हणजे नोटीस आल्या दिवसापासून तुमच्याकडे वेळ आहे. तो वेळ मालकाच्या दारात रडण्यात किंवा त्याला टाळण्यात घालवू नका, थोडे थोडे भरा.

मालक भाडे घेत नसेल तर (कधी कधी मुद्दाम घेत नाहीत, थकबाकी दाखवता यावी म्हणून) बँकेने किंवा यूपीआयने पाठवा, आणि पाठवले असे स्पीड पोस्टाने कळवा. भाड्याची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे, कलम ३१. आणि भाडे थकले म्हणून मालकाने नळ बंद करणे, लाईट काढणे हे कलम २९ प्रमाणे चालत नाही.

पण आज बहुतेक घरे अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर आहेत. त्यांना हे संरक्षण जसेच्या तसे मिळत नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. मुदत संपली आणि घर सोडले नाही तर ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई मागता येते. अशा घरांनी भाडे थकायला लागले की पहिल्याच महिन्यात मालकाशी बसून लेखी ठरवावे. डिपॉझिटमधून किती वळते करायचे, उरलेले कधी द्यायचे, दोघांच्या सह्या. तरीही कोणाही मालकाला सामान स्वतःच्या हाताने रस्त्यावर टाकता येत नाही, ते कोर्टाचे काम आहे. करारनामाच केला नसेल तर तो लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने मालकाची आहे, तुमची नव्हे.

मालक स्वतः वीजबिल भरत नाही आणि तुमची लाईट जाते, असेही घडते. विद्युत कायद्याचे कलम ४३ सांगते की जागेचा मालक किंवा ताबेदार, दोघांपैकी कोणीही वीजजोडणी मागू शकतो. २०२२ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की वीज ही मूलभूत सोय आहे आणि मालकाने ना-हरकत दिली नाही एवढ्या कारणावरून भाडेकरूला ती नाकारता येत नाही. अर्जदार त्या जागेत राहतो का, एवढेच कंपनीने पाहायचे. नवी खोली किंवा गाळा घेताना मात्र मागचे बिल बघूनच घ्या. जागेवरची जुनी थकबाकी नव्या मालकाकडे मागता येते असे नियम असतील तर ते चालतात, असे न्यायालयाने मे २०२३ मध्ये सांगितले आहे.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून कोणी गप्प बसू नये. तालुका कोर्टाच्या आवारात विधी सेवा समितीचे कार्यालय असते. तिथे वकील फुकट मिळतो. बायकांना उत्पन्नाची अटच नाही, पुरुषांसाठी वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत हवे. फोन नंबर १५१००.

जकात आणि बैतुलमाल

सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत जकातीचे जे आठ हकदार आहेत त्यात कर्जात बुडालेला, गारिमीन, आहे. थकलेले भाडे आणि बिल हे कर्जच आहे. तरी आमच्या पाहण्यात मोहल्ल्याचे बैतुलमाल रेशन किट देते, लग्नाला मदत देते, पण लाईटबिल घेऊन कोणी गेले तर कमिटीवाले एकमेकांकडे बघतात. हनफी मसलकात तमलीकचा प्रश्न येतो, म्हणजे रक्कम हकदाराच्या मालकीची व्हायला हवी. कर्जदाराच्या परवानगीने त्याच्या वतीने कर्ज फेडता येते असे अनेक मुफ्ती सांगतात. कोकणात शाफई मसलक आहे. आपापल्या इमाम साहेबांना विचारून घ्यावे.

कमिटीवाल्यांना एक विनंती. बिल हातात आले की पूर्ण रक्कम भरून मोकळे होऊ नका. आधी त्या घराला हप्त्यांचा आणि व्याजमाफीचा अर्ज द्यायला लावा. सुटणारे व्याज आपण जकातीच्या पैशातून का भरावे? पहिला हप्ता बैतुलमालने भरला आणि पुढचे घराने, तर तेवढ्याच पैशात तीन घरांची लाईट येते. आणि बिल भरण्यासाठी आठवड्याच्या व्याजाचे कर्ज काढणाऱ्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. पंधराशेच्या बिलापायी सूद भरत बसलेल्या. त्यांच्यासाठी कर्ज-ए-हसना एवढीशी रक्कम आहे.

एक फसवणूक

"तुमची वीज आज रात्री साडेनऊला तोडली जाईल, या नंबरवर ताबडतोब फोन करा" असा मेसेज येतो. खाली कोणाचा तरी दहा अंकी मोबाईल. फोन केला की अॅप टाकायला सांगतात आणि खाते रिकामे. थकबाकी असलेला माणूस आधीच घाबरलेला असतो, म्हणून तोच फसतो. कायद्याने पंधरा दिवसांची नोटीस लागते हे माहीत असले की "आज रात्री" वाचूनच कळते. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. उशीर केला तर रक्कम थांबवता येत नाही.

त्या मुलाच्या घरचे सांगायचे राहिले. अम्मीसोबत आम्ही दोघे शिक्षक गेलो, अर्ज दिला, शिक्का घेतला, मुद्दल आणि व्याज वेगळे करून मागितले. बिल बरोबर निघाले, चूक काही नव्हती. सहा हजार त्या दिवशी भरले, त्यातले चार मोहल्ल्यातून आले. उरलेले पाच हप्त्यांत. लाईट चौथ्या दिवशी आली, तोपर्यंत सराव परीक्षेचा भूमितीचा पेपर होऊन गेला होता. तो आम्ही नंतर त्याच्याकडून वेगळा लिहून घेतला. गेल्या आठवड्यात ती पुन्हा आली होती, तिसऱ्या हप्त्याची पावती दाखवायला. बिलावर आता नंबर तिचा आहे, घरमालकाने कुरकुर न करता बदलून दिला.